डोक्यामागचा आरसा

३ मार्च १९४६, रविवार. गावी

पसंत! पसंत! पसंत!

तीनदा लिहिलं तरी हात थांबत नाही. नानासो मामा दुपारी स्वतः येऊन सांगून गेले. नानासो म्हणजे मुलीचे सख्खे मामा, सांगलीत त्यांचा हळदीचा व्यापार आहे. मी सांगलीच्या मोटार स्टँडवर तिकिटं देतो. मामा आमच्या मोटारीनं सारखे जातात-येतात, तिथंच त्यांनी मला हेरलं आणि रहिमतपूरच्या आपल्या भाचीचं स्थळ आणलं. गेल्या आठवड्यात आम्ही मुलगी बघून आलो. शालूबाई. सातवी पास!

शालू.

लिहून बघितलं. चांगलं दिसतंय.

आबा म्हणाले, "मान्सं चांगली हाईत." आबांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे सोहळाच. आईनं आळीत गूळ वाटला. मी गोठ्यात जाऊन म्हशीलाही एक खडा दिला. कुणाला तरी सांगायला नको का?

४ मार्च, सोमवार. सांगली

मामांनी काल अर्धंच सांगितलं होतं! आज तिकिटाच्या खिडकीत डोकं घालून उरलेलं सांगितलं, तेही रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"पोरीला इचारलं, कसा वाटला गं? म्हन्ली, बरा हाय. पर डोक्यावर वाटी पालथी घालून कडंकडंनं कापल्यागत दिसतंय!"

आणि हसले. रांग हसली. इस्लामपूरच्या मोटारीचा ड्रायव्हर हसला. मी एका म्हातारीला कऱ्हाडऐवजी तासगावचं तिकीट दिलं.

वाटी! मला! खिशात कायम फणी बाळगणारा माणूस मी! दुपारपर्यंत नुसता धुमसत होतो. वाटलं, स्थळ मोडावं. एवढी काय लागून गेली?

त्याच दिवशी, संध्याकाळी

आत्ता लक्षात आलं. मान खाली घालून बसली होती, मग वाटी दिसली कशी? म्हणजे बघितलं! चोरून, पण नीट बघितलं!

स्थळ मोडायचं नाही.

१० मार्च, रविवार. गावी

कोंडीबाशी भांडण.

कोंडीबा आमच्या घरचा न्हावी. वर्षाच्या बलुत्याला बांधलेला. आबांच्या बापाची दाढी त्याच्या बापानं केली, माझं जावळ त्यानं काढलं. दर पंधरा दिवसांनी मी सांगलीहून येतो आणि लिंबाखालच्या दगडावर बसतो. तो धोकटी उघडतो, माझी मुंडी दोन गुडघ्यांत धरतो आणि कातरी चालू. आरसा हातातला, तळहाताएवढा. त्यात एका वेळी एक गाल दिसतो. मान हलवायची सोय नाही. तपकिरीचा वास नाकात जातो, आणि शिंकलं तर कान जायची भीती.

आज म्हणालो, "कोंडीबा, मागनं बारीक कर. वर लांब ठेव. सांगलीत करतात तसं."

"न्हाई."

न्हाई म्हणजे? डोकं माझं!

"डोकं तुजं असंल जोतीराव, पर ते म्या राकल्यालं हाय. हाय ह्येच बरं दिसतंय."

"शालूला वाटी वाटते!"

कातरी थांबली. कोण शालू, काय, सगळं काढून घेतलं माझ्याकडून. शेवटी मान झटकायला फडकं घेतलं आणि म्हणाला, "लगीन हूस्तवर दम धर. मग डोक्याचं काय बी कर."

लग्न होईपर्यंत! अरे, लग्नासाठीच तर पाहिजे! पुन्हा वाटीच कापून ठेवली. म्हाताऱ्याला तेवढंच येतं, झालं.

१६ मार्च, शनिवार. सांगली

मामा म्हणाले, "बुधवारी चला माज्याबरुबर गुंडाच्या सलूनात. जावईबापूंचा पयला कट आमच्याकडनं!"

जावईबापू!!

२० मार्च, बुधवार. सांगली

सगळं लिहून ठेवतो. असा दिवस पुन्हा यायचा नाही.

सलून म्हणजे काय चीज आहे! दारावर पाटी: न्यू भाग्योदय हेअर कटिंग सलून. आत शिरल्यावर पावडरीचा वास. खुर्ची फिरती, बेळगावहून आणलेली. पाय दाबला की वर जाते, पुन्हा दाबला की खाली. मला दोनदा वर-खाली करून दाखवलं. तिसऱ्यांदा मीच सांगितलं. गळ्याभोवती पांढरंशुभ्र कापड. गुंडा माझ्यापेक्षा चार वर्षांनीच मोठा असेल, मिरजेच्या पलीकडचा, बोलताना 'री' लावतो. आणि मुंडी धरत नाही! दोन बोटांनी हनुवटी अलगद वळवतो, जणू मी गव्हर्नर आहे.

"कसा पायजे री साहेब?"

साहेब! आजपर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं कसा पाहिजे. म्हणालो, "लग्नाला शोभंल असा."

शेजारच्या खुर्चीवर मामा, तोंडाला फेस. बाकावर पाचसहा माणसं. मशीन मानेवरून गुदगुल्या करत वर वर चाललं. मी हसायला लागलो, आवरेना. गुंडाही हसला. केस पडतायत, डोकं हलकं होतंय, समोर एवढा मोठा आरसा आणि त्यात मी — कमरेपासून वर, सगळा एकदम! दोन्ही गाल! मी बरा दिसतो. खरंच बरा दिसतो. आजवर अर्धा अर्धा बघत होतो म्हणून कळलं नव्हतं.

मग गुंडानं खरी करामत दाखवली. दुसरा एक आरसा काढला आणि माझ्या डोक्यामागं धरला. आरशात आरसा! तेवीस वर्षं डोकं घेऊन हिंडतोय आणि मागनं कसं आहे ते आज बघितलं. स्वतःचाच पाहुणा झाल्यासारखं वाटलं.

"बगा री! द्येवानं डोकं दोनदा फिरवलंय! एक हितं, एक हितं. दोन भोवरे! दोन बायकांचा धनी!"

अख्खं सलून हसलं. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं मीच. खरंच दोन होते, शेजारी शेजारी, एक उजवा एक डावा. मी म्हणालो, "एकीचीच मारामार आहे, दोन कुठल्या!" पुन्हा हशा.

मामा तेवढे हसले नाहीत. अर्ध्या गालावर फेस तसाच. बहुतेक वस्तरा लागला असावा.

परत येताना दुकानांच्या काचांत स्वतःला बघत आलो. एका ठिकाणी दुकानदारानं विचारलं, काय पाहिजे? म्हणालो, काही नाही, आहे ते बरं आहे.

२१ मार्च, गुरुवार

मामा आज मोटारीला आले नाहीत.

२३ मार्च, शनिवार. सांगली

दौत दोनदा सांडली. रागानं. फक्त रागानं.

मामा आले. खिडकीशी नाही, मागच्या दारानं, टोपी हातात घेऊन. "जोतीराम, वाईट वाटून घेऊ नगा." असं कुणी म्हटलं की पुढं वाईटच असतं.

दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. दुसरं लग्न व्हायचं तर पहिली जावी लागते. पहिली म्हणजे आमची शालू. मामांनी रहिमतपूरला जाऊन सांगितलं — सांगायलाच हवं होतं का? — आणि शालूच्या आईनं, अंबूबाईनं, अंथरूण धरलं. "माजी लेक मरायला द्येऊ व्हय?" म्हणते. शालूच्या वडिलांनी निरोप धाडला की सध्या थांबू.

थांबू म्हणजे काय ते मला कळतं. मी तिकीट खिडकीवर बसतो. 'जरा थांबा' म्हटलं की मोटार भरलेली असते.

अडाणी माणसं! केसांच्या गोल फिरण्यावर माणसं मरतात? तसं असतं तर भोवरा बघून फाशी दिली असती कोर्टानं! मामा स्वतः कोट घालतात, सलूनात बसतात, आणि हे? बोललो त्यांना. लय बोललो. ते खाली बघून म्हणाले, "माजाबी इस्वास न्हाई ओ. पर भाची हाय."

मग गुंडाकडं गेलो, त्याच्या अंगावर धावून. तो बिचारा हातातली कातरी ठेवून उभा राहिला. "मी गमतीनं म्हटलो री. गिऱ्हाईक हसावं म्हणून बोलत असतो मी." डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. आता त्याला काय मारायचं?

२४ मार्च, रविवार. गावी

कोंडीबाला माहीत होतं.

सगळं माहीत होतं! टोपी काढून त्याच्यापुढं उभा राहिलो. तो डोक्याकडं बघत राहिला आणि मटकन दगडावर बसला. "उगडं पाडलं रं तुला," म्हणाला. "कुनी केलं ह्ये?"

मग हळूहळू सांगितलं. जावळ काढलं त्या दिवशी त्यानं आणि आईनं ते बघितलं. आईनं रडून त्याला भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली, की हे तिसऱ्याला कळता कामा नये. दोन वर्षं माझ्या डोक्यावरची कुंची उतरू दिली नाही. पुढं कोंडीबानं एका भोवऱ्यावर शेंडी राखली आणि दुसऱ्यावर केस आडवे पाडले. मी सोळाव्या वर्षी हट्टानं शेंडी उडवली, तेव्हा तो आठवडाभर विचार करत होता म्हणे. त्यातून ती वाटी निघाली. मागं एवढी लांबी, बाजूला एवढी, म्हणजे वाऱ्यानं उडाले तरी दोन्ही झाकलेले. दर पंधरा दिवसांनी, सात वर्षं.

आणि मी म्हणत होतो, म्हाताऱ्याला तेवढंच येतं!

आई चुलीपुढनं उठलीच नाही. म्हणाली, "त्या पोरीचं तोंड बघितलं तवाच म्या मनात म्हन्लं, ह्ये लपवून करतोय ते पाप हाय का काय." आईवर ओरडणार होतो. नाही ओरडलो. तिच्याजवळ बसून शेंगा फोडल्या. कुणी खाल्ल्या नाहीत.

२७ मार्च, बुधवार. सांगली

दिवसभर टोपी. उन्हानं डोकं उकडून निघालं.

१ एप्रिल, सोमवार. गावी

आज काय काय झालं! पुन्हा हसू येतंय, म्हणजे मी मेलेलो नाही.

सलूनला सोमवारी सुट्टी. कोंडीबाचं सगळं मी गुंडाला सांगितलं होतं, तो सकाळीच स्टँडवर येऊन उभा. "मला तुमच्या गावी न्या री. त्या म्हाताऱ्याच्या पाया पडायचंय." मी रजा काढली. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, चढावर सगळ्यांनी उतरून ढकलायची. गुंडा इस्त्रीच्या पाटलोणीत ढकलत होता.

मला वाटलं कोंडीबा त्याला हाकलून देईल. आमच्या गावात दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या रानात नांगर घालणं. कोंडीबानं त्याला वर-खाली बघितलं आणि विचारलं, "तूच का त्यो?"

"मीच री."

"बस."

गुंडा दगडावर बसला, आणि कोंडीबानं त्याचीच मुंडी गुडघ्यांत धरली! वस्तरा काढला! मी पुढं धावलो. पण म्हाताऱ्यानं नुसती दाढी केली. काय दाढी केली! गुंडा गालावरून हात फिरवत राहिला. "साबणाशिवाय? नुसत्या पाण्यावर?" म्हणाला. मग उठून माझ्याभोवती फिरला, कोंडीबाला विचारू लागला की हितले केस कसे पाडायचा, कातरी उभी का आडवी. कोंडीबा खुलला. दोघं माझ्या डोक्यावर वाकून असे बोलत होते, जणू मी कलिंगड आहे आणि मला कापायचं कुठून ते ठरतंय.

"तेवीस वर्सं झाकलं म्हणजे कमाल हाय री," गुंडा म्हणाला.

कोंडीबा म्हणाला, "आरसा गिऱ्हाइकाला म्होरनं दावायचा. मागलं आपल्यापाशी ठिवायचं. तुज्याकडं दोन आरसं हाईत, ही तुजी अडचन."

गुंडा पुन्हा गालावरून हात फिरवू लागला. पटलं की नाही कळलं नाही. पण मग कोंडीबानंच तोड काढली. तपकिरीची चिमूट भरली आणि म्हणाला, "तिसऱ्या लग्नाच्या नवऱ्याचं आदी रुईसंगं लगीन लावत्यात का न्हाई? तिसरी वंगाळ म्हनून रुईला तिसरी करत्यात. तसं हेचं पयलं रुईसंगं लावू. रुई पयली. ती तोडली म्हंजी पयली ग्येली. मग शालूबाई दुसरी. दुसरीला काय भ्या न्हाई!"

रुई! बांधावरची! जिला शेळी तोंड लावत नाही ती!

मी एवढा हसलो की उचकी लागली. मग थांबलो. कारण कुणीच हसत नव्हतं. आई दारात उभी होती आणि तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. मी म्हणालो, लावा. रुईशी लावा, बाभळीशी लावा, मोटारीशी लावा. शालू मिळाल्याशी कारण.

निरोप घेऊन कोंडीबाच जाणार. लग्नाचे निरोप न्हाव्यानंच न्यायचे. रहिमतपूरच्या गाडीत कोपऱ्यातली जागा मीच बघून देईन.

५ एप्रिल, शुक्रवार. सांगली

हो म्हणाले!! शालूचे वडील हो म्हणाले! कोंडीबानं तिथल्या न्हाव्याला आधी गाठलं, त्यानं तिथल्या भटजींना, भटजींनी वडिलांना. अंबूबाई उठून बसल्या. लग्न १२ मे. रुईशी त्याआधी, १३ एप्रिलला शनिवारी.

खिडकीत एकानं कोल्हापूर मागितलं. मी म्हणालो, अभिनंदन.

७ एप्रिल, रविवार. गावी

मुलगी बघायचा कार्यक्रम. दुसऱ्यांदा. आई, मी, कोंडीबा.

विहिरीच्या बांधावर दोन रुया आहेत. एक उंच, वाळकी, पानांना भोकं. दुसरी बुटकी, भरलेली, फुलं आलेली. आई दोघींभोवती फिरून म्हणाली, "ही घ्या. नाकीडोळी बरी हाय." आई! आई थट्टा करतेय! मी विचारलं, सातवी पास आहे का? कोंडीबा म्हणाला, उलटून बोलणार न्हाई, एवढं नक्की.

मग एक नवीनच निघालं. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. चांदीचा, त्यावर तिचं चित्र. म्हणजे शालूच्या गळ्यात रुईचा टाक! आई आणि मी सोनाराकडं गेलो. तो म्हणाला, तोंड कसं काढू? आजवर बाई काढली, झाड काढलं नाही. शेवटी पान काढायचं ठरलं. कुंकू लावलेलं पान! सोनार डोळे पुसत होता. मी दुकानाच्या पायरीवर लोळायचा बाकी होतो.

टाक दाखवायला कोंडीबा पुन्हा रहिमतपूरला जाणार. त्याला आता मोटारीची चटक लागलीय. ड्रायव्हरच्या शेजारी बसतो आणि हॉर्न दाबू का म्हणून विचारतो.

१२ एप्रिल, शुक्रवार. गावी

कोंडीबा आला. टाक परत घेऊन आला.

म्हणाला, "वडलांनी बगितला, बरा हाय म्हन्ले. म्या निगालो. तर परड्याच्या दारातनं हाक आली. शालूबाई. दाव म्हन्ल्या. हातात घेतला, उलटापालटा क्येला. हसल्या. लय हसल्या. मग हसनं ग्येलं."

मी म्हणालो, नीट सांग. जसं बोलली तसं सांग. एक शब्द खाऊ नकोस.

त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सांगितलं:

"त्यास्नी सांगा, ह्यो टाक म्या घालनार न्हाई. झाड असलं तरी सवत ती सवत. पयली म्हनूनच उंबरा वलांडीन, न्हाईतर न्हाई. रुई उबी राहू द्या. मग जेवडी वर्सं मिळतील तेवडी मिळतील. आनि डोकं झाकू नगा म्हनावं. सलूनातलंच बरं दिसत आसंल."

आई रडली. शालूची आईही रडतेय म्हणे. वडील ओरडले, मामा जाऊन समजावून आले. पोरगी हलत नाही. शेवटी वडिलांनी हात टेकले. उद्याचं रुईचं लग्न रद्द. १२ मे कायम.

कायम!! मी विहिरीपर्यंत पळत गेलो आणि पळत आलो. काय पोरगी आहे! माझ्यासाठी! माझ्याशी नीट तीन वाक्यंही बोललेली नाही, आणि माझ्यासाठी! अख्ख्या सातारा जिल्ह्यात अशी दुसरी नसेल.

१३ एप्रिल, शनिवार

सकाळी दात घासताना तिचं ते वाक्य एकदम उमगलं. जेवढी वर्षं मिळतील तेवढी.

भाकरी गेली नाही.

१७ एप्रिल, बुधवार. सांगली

गुंडाकडं गेलो. केस फार वाढलेले नाहीत, तरी बसलो. म्हणालो, मागचा आरसा धर. धरला. दोन्ही आहेत तिथंच. कुठं जाणार?

विचारलं, "तू एवढी डोकी बघतोस. दोन भोवऱ्यांची किती बघितलीस?"

"असतील की सातआठ."

"त्यांच्या बायका?"

गुंडानं आरसा खाली घेतला. "कुणाला विचारलं न्हाई री कधी. मी नुसताच हसवत होतो."

महिन्यापूर्वी मी याच खुर्चीत बसून सगळ्यांत मोठ्यानं हसलो होतो. विश्वास माझा नाहीच. आजही नाही. मामांना मी केवढं बोललो! ते काय म्हणाले होते ते आज कळतंय. त्यांची भाची आहे. आणि माझी?

२८ एप्रिल, रविवार. गावी

कोंडीबानं आबांचा सलून कट केला! गुंडानं त्याला जुनं मशीन दिलंय. ते मध्येच अडकलं, आबांचे केस त्यात, आबा दगडावरून उठून ओरडत पळाले आणि मशीन डोक्याला लोंबकळत! सगळी आळी गोळा झाली. आई हसून हसून खाली बसली. मी तर मेलोच. कोंडीबा मागनं पळतोय, "मालक, हलू नगा, हलू नगा!" आबा आता मामांपेक्षा बरे दिसतात, एक कान सोडला तर. लग्नाला हाच कट ठेवणार म्हणतात.

पत्रिका आल्या. माझ्या नावाशेजारी तिचं नाव छापलंय.

४ मे, शनिवार. सांगली

रजा मंजूर. स्टँडवरच्या लोकांनी हार घातला, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. गुंडानं कट केला, लग्नाचा. या वेळी मागचा आरसा त्यानं काढलाच नाही. मीही मागितला नाही.

१० मे, शुक्रवार. गावी

मांडव पडला. पाहुणे, पोरं, पातेली. आईचा आवाज बसलाय. मला कुणी काही करू देत नाही, नुसता बस म्हणतात. बसवत नाही. संध्याकाळी कोंडीबाला बाजूला घेऊन एवढंच म्हणालो, "उद्या दिवस उगवायच्या आत धोकटी घेऊन विहिरीवर ये."

कशाला, म्हणून त्यानं विचारलं नाही.

११ मे, शनिवार. गावी

विहिरीवर त्यानं माझी दाढी केली, नवऱ्याची करतात तशी, दोनदा. अंतरपाट म्हणून गळ्यात बांधायचं फडकं धरलं. मंगलाष्टकं दोघांनाही येत नव्हती. काळे मणी बुटक्या रुईला मीच बांधले. विळा त्यानं दिला, पण तोडली मी. चीक हातावर आला, चिकट, पांढरा. तिथंच बसून रडलो. शालू उद्या पहिली म्हणून उंबरा ओलांडेल. तिला हे कधी सांगायचं नाही.

कोंडीबा म्हणाला, "म्या काय बी बगितलं न्हाई."

खाली मांडवात हळदीसाठी मला हाका मारतायत.